तिसरा डबा

पोरांनी त्यांचं नाव 'वायफायकाका' ठेवलं होतं आणि त्या नावाचा त्यांना मनापासून संताप यायचा. "मी वायफाय वाटत न्हाई," हे ते कुणी विचारो न विचारो, सांगत सुटायचे. "वाटनारे डबे येगळे. मी ऐकनारा हाय." समोरचा गोंधळायचा. काका मात्र पुढे एक अक्षर बोलायचे नाहीत. खुलासे करण्यात त्यांना वेळ फुकट गेल्यासारखा वाटायचा. निम्म्या शाळेचा समज होता की म्हातारा थोडा सरकलेला आहे.

सरकलेले ते नव्हते. कोण सरकलं होतं ते मी आता सांगणार आहे, आणि त्यात माझाही नंबर लागतो.

शाळा म्हणजे मुळशीच्या पाण्याकडे तोंड करून डोंगरावर बांधलेली, बड्या घरच्या मुलामुलींची निवासी शाळा. मी तेव्हा नुकताच भूगावला फ्लॅट भाड्याने घेतला होता आणि शाळेच्या बसने रोज वर जायचो. काका पौडला चढायचे. शेवटच्या सीटवर बसायचे, खिडकी पूर्ण उघडायचे आणि थंडीत मागच्या बाजूला बसलेल्या सगळ्या मास्तरांना कुडकुडत ठेवायचे. कागदावर मी 'नेटवर्क इंजिनिअर' होतो आणि ते 'टेक्निशियन'. प्रत्यक्षात डब्याची वायर कुठून ओढायची हेसुद्धा मला त्यांनीच शिकवलं. त्यांची उमेदीची वर्षं टेलिफोनच्या खांबांवर गेली होती आणि पुढचं सगळं त्यांनी एकट्याने वाचून, चुकून, पुन्हा करून शिकून घेतलं होतं. माझ्याकडे डिग्री होती, एवढंच. पण त्या शाळेत एवढंच पुरायचं.

आमच्याकडे छताला पांढरे चौकोनी डबे होते. त्यांना ॲक्सेस पॉइंट म्हणतात, पण शिपायापासून प्राचार्यांपर्यंत सगळे डबाच म्हणायचे. या डब्यांतून इंटरनेट मिळतं. काकांनी मात्र दर तीन डब्यांतल्या एकाला इंटरनेट द्यायची बंदीच केली होती. त्या तिसऱ्या डब्याने फक्त ऐकायचं. एका चॅनेलवर क्षणभर थांबायचं, तिथे कोण बोलतंय ते टिपायचं, पुढच्या चॅनेलवर जायचं, शेवट आला की पुन्हा पहिल्यापासून. दिवसभर ही गस्त चालायची. कुणी भलत्याने आपला डबा आणून शाळेच्या जाळ्यात घुसवला, तर तो या गस्तीत सापडतो. "द्यायचं आन् ऐकायचं, दोनी कामं एकाच डब्याला लावली तर तो दोनी अर्दवट करतो," काका म्हणायचे. "मानसांचंबी तसंच हाय."

सकाळी आल्याआल्या ते डब्यांनी काय ऐकलं ते एका दोनशे पानी वहीत उतरवायचे. संगणकात सगळं आपोआप साठतं हे मी त्यांना सांगून पाहिलं. "त्याच्याकडं साठतं, माझ्याकडं न्हाई," म्हणाले. वहीत घरचे, शेजारी, पाव्हणे आणि चोर अशी वर्गवारी असायची. खालच्या फार्महाउसचं वायफाय शेजारी. शनिवार-रविवारी धरणाकडे निघालेल्या गाड्यांमधले हॉटस्पॉट पाव्हणे. अनोळखी नाव दिसलं की चष्मा कपाळावर चढवून ते विचारायचे, "हे कुनाचं पाव्हनं?" आणि तपास लागेपर्यंत चहाला हात लावायचे नाहीत. फार्महाउसवाल्याने एकदा आपल्या वायफायचं नाव बदललं, तर काका भर उन्हात डोंगर उतरून गेले आणि नाव का बदललं ते त्याला विचारून आले. मुलीच्या बारशाचं कारण होतं. पेढा खाऊन परत आले आणि वहीत जुनं नाव खोडून नवं घातलं.

कुठल्या कोपऱ्यात किती ऐकू येतं ते पाहायची त्यांची पद्धत तर आवारातली करमणूकच होती. दहा फुटी बांबूच्या टोकाला डबा बांधलेला, कमरेला बॅटरी, गळ्यात दोरीने अडकवलेल्या पाटावर लॅपटॉप, अशा थाटात ते इमारतींना फेऱ्या घालायचे. साफसफाईच्या बायका पदर तोंडाला लावून हसायच्या. त्यांतल्या कांताबाई सगळ्यांत पुढे. "दादा, आज कुन्या देवाची काठी निघाली?"

"ह्यो देव न्हाई गं," काका न थांबता म्हणायचे. "ह्यो नुसता कान हाय."

कांताबाई आणि काका माले गावापुढच्या एकाच वाडीतले. काका पुढे पौडला येऊन राहिले, बाई तिथेच होत्या. पन्नाशीच्या, मुलींच्या वसतिगृहाचे तिन्ही मजले त्यांच्याकडे आणि आणखी चौघींकडे. शाळा उभी आहे त्या जमिनीतला एक तुकडा त्यांच्या सासऱ्यांचा. जमीन घेताना संस्थेने घरटी एक नोकरी द्यायचा शब्द दिला होता. तो शब्द म्हणजे कांताबाईंच्या हातातला पोछा. घरात कमावतं दुसरं कुणी नव्हतं.

एकदा डबे पुरवणाऱ्या कंपनीचा माणूस हिंजवडीहून आला होता. काकांनी ऐकायच्या यादीत सगळेच्या सगळे चॅनेल घातलेले पाहून तो हसला. "काका, ये चॅनेल इंडिया में अलाउड ही नहीं है. स्कॅन क्यूं करना?"

"चोराला चोरी अलाउड हाय का?" काकांनी विचारलं.

त्याने माझ्याकडे पाहून डोळा मारला. मीही हसलो. पुढे महिन्याभरात त्याच बिनपरवान्याच्या चॅनेलवर एक डबा बोलताना ऐकू आला. काका बांबू घेऊन दोन दिवस फिरले आणि मुलांच्या वसतिगृहात एका कपाटामागे, भिंतीतल्या केबलला जोडलेला राउटर त्यांनी शोधून काढला. कुणाच्या तरी वडिलांनी परदेशातून आणलेला होता. अकरावीच्या पोरांनी शाळेची बंधनं चुकवायला तो लावला होता, आणि त्याला पासवर्डसुद्धा नव्हता. शाळेचं मागचं दार सताड उघडं होतं. काकांनी राउटर उपटला आणि नेऊन प्रशासकांच्या टेबलावर ठेवला.

हे प्रशासक साहेब नवीनच आले होते. गोरेगोमटे, कायम इस्त्रीचे, प्रत्येक वाक्यात एकदा तरी 'डेटा' म्हणणारे. त्यांनी विचारलं, "मुलं कोण?"

"डबा घावला," काका म्हणाले. "पोरं तुमी हुडका. ते माझं काम न्हाई."

साहेबांना ते आवडलं नाही. पण त्या निमित्ताने त्यांना एक नवी गोष्ट कळली. ऐकणारे डबे दुसऱ्या डब्यांना ऐकतात तसे खिशातल्या फोनलाही ऐकू शकतात. शाळेची हजेरी फोनवर लागायची, त्यामुळे कुठला फोन कुणाचा हे नावानिशी माहीत होतं. तीन डब्यांनी एकच फोन ऐकला, की तो माणूस कुठे आहे ते नकाशावर दिसतं. साहेबांनी आम्हा दोघांना बोलावलं आणि सांगितलं की हाउसकीपिंग स्टाफ कामाच्या जागेवर नसतो अशा तक्रारी आहेत, तर प्रत्येकीचा रोजचा रिपोर्ट हवा.

काका म्हणाले, "जमनार न्हाई."

"टेक्निकली शक्य नाही?"

"शक्य हाय. जमनार न्हाई."

बाहेर आल्यावर मी त्यांना म्हटलं, काका, नुसती एक खूण तर करायची सेटिंगमध्ये. ते पायरीवर बसले. ते एवढं लांब बोललेले मी त्याआधी ऐकले नव्हते आणि नंतरही नाही.

"माझा आजा वाडीचा वेसकर. गावाच्या तोंडाशी काठी घिऊन बसायचा. परका मानूस आला, का कोन, कुटला, कशाला आला, ते पाटलाला सांगायचं. ते त्याचं काम. एकदा पाटील म्हनला, गावातली कुनाची बाई कुटं जाती, कुनाकडं बसती, तेबी सांगत जा. आजा न्हाई म्हनला. म्हनला, मी परका बगायला हाय, घरचं मानूस बगायला न्हाई. लई मार खाल्ला त्यानं. पुढं आमी धम्म घेतला, तवा आजानं ती काठी सोताच्या हातानं चुलीत घातली." मग उठताना म्हणाले, "त्या पाटलाच्याच घरची सून हाय कांता. तिला ह्यातलं काय ठावंबी नसंल."

मी मान हलवली. मला ती एक जुनी, करुण वगैरे हकिकत वाटली. मला आज त्या माझ्या मान हलवण्याचीच चीड येते.

काका मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी आठवडाभर रजेवर गेले. तिसऱ्या दिवशी साहेबांनी मला एकट्याला बोलावलं, कॉफी पाजली आणि म्हणाले, "तू क्वालिफाइड आहेस. तुझ्याकडून अपेक्षा आहे." एवढ्याने माझं काम झालं. मी येऊन ती खूण केली. चार दिवसांत रिपोर्ट तयार. पाच बायकांची नावं, प्रत्येकीपुढे मिनिटं, जास्त मिनिटं असतील ते चौकोन लाल. रंग माझ्याच हौसेचे. पाचही जणींचे फोन दिवसातून तास-दीड तास वसतिगृहाबाहेर, गेटच्या बाजूला ऐकू आले होते. खाली माझं नाव, हुद्दा आणि सही.

"गेटवर वॉचमनशी गप्पा मारत बसतात," साहेब म्हणाले. "डेटा खोटं बोलत नाही." पाचही जणींना दुसऱ्या दिवसापासून येऊ नका म्हणून सांगितलं. त्यांना कुणी काही विचारलं नाही. मीही नाही.

काका काळा चष्मा लावून परत आले. आधी वही उघडली, मग संगणक. सेटिंग कुणी बदललं ते तिथे नावानिशी दिसतं.

"तुमी केलं?"

"साहेबांनी सांगितलं म्हणून."

"साहेबांनी सांगितलं म्हनून," त्यांनी माझेच शब्द सावकाश म्हटले. मग उठले. "चला. घड्याळ लावा."

आम्ही मुलींच्या वसतिगृहाच्या तिसऱ्या मजल्यावर गेलो. तिथून निघालो, तीन मजले उतरलो, मेसला वळसा घातला, डोंगराच्या पायऱ्या उतरलो आणि गेटशी पोचलो. वॉचमनच्या खोलीमागे पत्र्याचं दार होतं. कर्मचाऱ्यांचं शौचालय. सगळ्या डोंगरावर बायकांसाठी ते एकच. वसतिगृहातली स्वच्छतागृहं कर्मचाऱ्यांनी वापरू नयेत अशी साहेबांच्या सहीची नोटीस प्रत्येक मजल्यावर लावलेली होती. मी ती रोज पाहत होतो. ज्या संडासांच्या फरश्या त्या बायका दिवसातून दोनदा घासायच्या, त्यांत पाऊल ठेवायची त्यांना मनाई होती, आणि डोंगर उतरून चढून आल्या तर मी त्यांचे चौकोन लाल करत होतो.

चढताना मला दम लागला. काकांचं वय साठीला आलेलं, डोळ्याची पट्टी नुकती सुटलेली, पण ते थांबले नाहीत. वर पोचल्यावर म्हणाले, "किती?"

"चोवीस मिनिटं."

"दिसातून चार खेपा धरा. करा बेरीज, तुमी इंजिनेर हाय."

आणि मग, मीटिंगमध्ये कधीही तोंड न उघडणारा तो माणूस साहेबांच्या केबिनमध्ये न विचारता शिरला. मी मागे दाराशी उभा. त्यांनी पायऱ्यांचं, नोटिशीचं, मिनिटांचं सगळं सांगितलं. साहेब शांतपणे ऐकून म्हणाले, "पण डेटा बरोबर आहे ना?"

"बरोबर हाय," काका म्हणाले. "म्हनूनच तुमच्या हातात द्यायचा न्हवता."

साहेब त्यावर हसले. त्या हसण्याने माझ्या डोक्यात तिडीक गेली. खोलीत परत आल्यावर मी म्हटलं, "काका, साहेबांचा फोनपण डब्यांनी ऐकलाय. दुपारी दोन-दोन तास गेस्टहाउसला झोपलेले असतात. काढू रिपोर्ट? पाठवू संस्थेच्या अध्यक्षांना? बायका उद्या कामावर येतील."

"येतील," काका म्हणाले. "काढायचा न्हाई."

"का पण?"

"परवा तुमी बायांचा काढला. आज त्यांचा काढा. उद्या माझा निगंल. मंग थांबवनार कोन?" आणि त्यांनी माझ्यादेखत खूण काढून टाकली आणि फोनांची चार दिवसांची सगळी यादी पुसून टाकली. साहेबांची, बायकांची, माझी, स्वतःची.

मला त्यांचा राग आला. आजही येतो. पाच घरांच्या भाकरीपुढे हे कसलं सोवळं, असं मी त्यांना तोंडावर म्हणालो. वहीतलं एक पान फाडून ते लिहीत बसले. अक्षर वाटोळं, ठळक, चारच ओळी. मुलींच्या वसतिगृहापासून कर्मचाऱ्यांच्या शौचालयापर्यंत जाऊन येण्यास चोवीस मिनिटे लागतात. आम्ही दोघांनी चालून मोजली आहेत. डबा माणूस कुठे आहे ते सांगतो, का आहे ते सांगत नाही. म्हणून या पाच बायकांविरुद्धचा रिपोर्ट धरू नये. खाली तारीख, त्यांची सही, आणि शेजारी माझं नाव लिहून वर जागा मोकळी.

"रिपोर्ट तुमच्या नावानं निगाला," ते म्हणाले. "उताराबी तुमच्या नावानं पायजे. माझ्या एकट्याचं कोन ऐकतंय? टेक्निशियन मानूस."

मी कागद हातात घेतला. मघाशी त्यांच्यावर ओरडणारा मी. म्हणालो, "उद्या करतो, काका. एकदा नीट वाचतो."

"चार वळी हायेत," काका म्हणाले.

कागद त्यांच्या टेबलावरच ठेवून मी निघालो आणि दुसऱ्या दिवशी तब्येतीचं कारण सांगून घरी राहिलो. भूगावच्या फ्लॅटमध्ये दिवसभर टीव्ही पाहिला. तिसऱ्या दिवशी गेलो तर काकांचं टेबल रिकामं होतं. शाळेचा डेटा नष्ट केला म्हणून त्यांना तडकाफडकी काढलं होतं. साहेबांच्या आदेशावरून त्याच दुपारी मी सगळे तिसरे डबे वाटणारे करून टाकले, आणि इंटरनेट जोरात चालायला लागलं म्हणून प्राचार्यांनी माझं कौतुक केलं. वही आणि तो सही राहिलेला कागद काकांनी नेला होता. बांबू माळ्याने दोडक्याच्या वेलाला लावला.

पुढे मी हिंजवडीला नोकरी धरली. तिथे प्रत्येक डबा प्रत्येक माणसाला ऐकतो. कोण जिन्यात किती उभा राहिला, कोण कुणाबरोबर जेवला, सगळं दिसतं. कुणाला त्याचं काही वाटत नाही. खूण मीच करून दिली आहे.

मध्यंतरी एका दाखल्यासाठी पौडच्या तहसील कचेरीत जावं लागलं. काका तिथेच एका गाळ्यात मिक्सर, पंखे दुरुस्त करतात हे मला ठाऊक होतं. मी रस्त्याच्या पलीकडच्या बाजूने गेलो. आत वाकलेली पाठ दिसली, तेवढी पुरे झाली. स्टँडवर येऊन बसलो, तर कुणीतरी समोर येऊन उभं राहिलं.

"वळखलं का, इंजिनेरसायेब?"

कांताबाई. केस पांढरे झाले होते. मी बाकावरून उठलो. त्याच म्हणाल्या, "आमी पाचीजनींनी पुन्याच्या कामगार कचेरीत अर्ज केलाय. शब्द दिला व्हता नोकरीचा, त्यो पाळा म्हनून. पुढल्या आटवड्यात बोलावनं हाय." त्यांनी पिशवीतून प्लास्टिकचं पाकीट काढलं. पाकिटातून वहीचं पान. घड्यांवर चिकटपट्टी लावलेली, पण अक्षर जसंच्या तसं. एक सही. शेजारी माझं नाव आणि त्यावर मोकळी जागा.

"ह्ये राह्यलंया तुमचं."

"बाई, मी..."

"पेन हाय माझ्याकडं," त्या म्हणाल्या.

मी स्टँडच्या बाकावर कागद ठेवला आणि सही केली. सहीखाली तारीख घालायची म्हणून काकांची तारीख पाहिली आणि तीच लिहायला पेन टेकवणार, तोच कांताबाईंनी कागदावर बोट ठेवलं.

"ती नगं. आजची घाला."

"अहो, जुनी घातली तर तुमच्या अर्जाला बरं पडेल."

"दादांनी बजावून ठिवलंय," त्या म्हणाल्या. "कदी भेटलाच तर सही घे, पन तारीक आजचीच घालाय लाव. किती उशीर केला त्ये दिसू दे, म्हनले."

मी आजची तारीख घातली.